भाचीसाठी २५६ खणांचं यंत्र (ब्राउझरात चालणारं) : सूचना हव्या आहेत

सोमवारपेठी | गुरुवार, रात्री १०:४०

मंडळी,

माझी भाची डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर शाखा. सुट्टीला आमच्याकडे आली होती. चहा पिता पिता म्हणाली, "मामा, पॉइंटर म्हणजे नक्की काय रे?"

सगळे सांगतात तेच मीही सांगितलं. घर वेगळं, घराचा पत्ता वेगळा. '४६३, सदाशिव पेठ' हा झाला पत्ता, आत राहणारी माणसं म्हणजे डेटा. "कळलं," म्हणाली. रात्री तिचा सी भाषेतला प्रोग्राम बघितला, तर एरर आली की एक स्टार लावायची, तरी नाही गेली तर अँपरसँड, तरी नाही तर दोन स्टार. कुलूप उघडेना म्हणून जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघतात तसं. एरर जात होती, कळत काहीच नव्हतं.

मग एक वेब पान बनवलं. एकच एचटीएमएल फाइल, ना सर्व्हर, ना लॉगिन. त्यात एक काल्पनिक यंत्र आहे. स्क्रीनवर सोळा ओळी, सोळा रकाने, असे २५६ खण. प्रत्येक खणात ० ते २५५ मधला एक आकडा. खणाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात त्याचा क्रमांक. शेजारी एकच रजिस्टर (हिशेब करताना यंत्र आकडा धरून ठेवतं ती जागा), त्याला 'अ' म्हटलंय, आणि एक हातचा. प्रत्येक आज्ञा दोन खणांची: पहिल्यात काय करायचं, दुसऱ्यात कशावर करायचं. १ म्हणजे भर, २ म्हणजे मिळव, ३ म्हणजे ठेव, ९ म्हणजे थांब. ० म्हणजे काहीच करू नको, पुढे जा. अशा एकूण बारा. खाली दोन बटणं, 'एक पाऊल' आणि 'चालव'. यंत्र आत्ता जो खण वाचतंय तो पिवळा होतो.

पहिल्याच दिवशी फजिती झाली, माझी. तिने २०० आणि १०० ची बेरीज करून ६४ नंबरच्या खणात ठेवली. 'अ' मध्ये ३०० दिसत होते आणि खणात ४४. "मामा, वाटेत २५६ कुठे सांडले?" जावास्क्रिप्टमध्ये खण आठ बिटांच्या ॲरेत ठेवले होते, तिथे आकडा आपोआप कापला जातो. 'अ' मात्र साधा व्हेरिएबल, त्याला २५५ ची मर्यादा नाही. म्हणजे माझ्या यंत्राचं रजिस्टर त्याच्या मेमरीपेक्षा ऐसपैस होतं! दुरुस्त केलं. आता 'अ' मध्येही ४४ येतात आणि हातच्याचा दिवा लागतो. पण ती चूक तासभर तशीच राहिली हे बरंच झालं. एका खणात किती मावतं हे तिला माझ्या चुकीमुळे समजलं.

फाइल कुणाला हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणखी काय घालावं, काय काढावं, सांगा.

---

मुठेकाठी | गुरुवार, रात्री ११:१५

झकास! पण आधी त्या उदाहरणाबद्दल. ४६३ च्या शेजारी ४६४ असतं असं समजणारा माणूस सदाशिव पेठेत कधी पत्ता शोधायला गेलेला नाही. पॉइंटरला एक मिळवला तर पुढचं घर येईल ही तुमची समजूत पेठेत चालणार नाही. मुलगी गोंधळली यात नवल नाही.

आम्ही इंटेलच्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या किटवर शिकलो. हिरवा बोर्ड, हेक्साचा कीपॅड (० ते ९, ए ते एफ), सहा लाल सेव्हन सेगमेंट आकडे: चार पत्त्याचे, दोन डेटाचे. स्क्रीन नाही की काही नाही. हाताने असेंब्ली (यंत्राच्या आज्ञा, शब्दांत) लिहायची, तक्त्यातून कोड शोधायचे, मग एकेक बाइट (तुमच्या एका खणाएवढा आकडा) दाबायचा. एमव्हीआय ए म्हणजे ३ई, एमव्हीआय बी म्हणजे ०६, ॲड बी म्हणजे ८०, हॉल्ट म्हणजे ७६. अजून झोपेत उठवलं तरी सांगेन.

आणि एसटीए! 'ए मधलं २०५० वर ठेव' असं लिहायचं असेल तर ३२, मग ५०, मग २०. आधी धाकटा, मग थोरला. सरांनी लिट्ल एंडियन हा शब्द नंतर सांगितला, बोटांना आधीच माहीत झाला होता. एकदा उलटं दाबलं आणि उत्तर ५०२० वर जाऊन बसलं. मी अर्धा तास २०५० उघडून बघतोय.

गुरुवारी प्रॅक्टिकल असलं की वेगळीच मजा. चाळीस बाइट दाबून झाले की लाइट जायची. आमच्या किटला बॅटरी नव्हती. आली की पुन्हा पहिल्यापासून.

प्रश्न : काल्पनिक यंत्र कशाला? ८०८५ च का नाही बनवलं?

---

सोमवारपेठी | गुरुवार, रात्री ११:३२

@मुठेकाठी, पेठेचं उदाहरण मागे घेतो. :)

८०८५ चा विचार केला होता. पण ते १९७६ चं खरं यंत्र आहे आणि खऱ्या यंत्राला त्याचे स्वतःचे हट्ट असतात. सोळा बिटांचे पत्ते, म्हणजे ६५,५३६ खण; ते एका स्क्रीनवर दाखवता येत नाहीत. पाच फ्लॅग (हातच्याच्या दिव्यासारखे), रजिस्टरांच्या जोड्या, एक-दोन-तीन बाइटच्या आज्ञा. मला सगळं यंत्र एका नजरेत मावायला हवं होतं, काहीही झाकलेलं नको. मेमरी हा शब्द ती दोन वर्षं ऐकत होती, बघितली कधीच नव्हती.

---

एकारलेला | शुक्रवार, सकाळी ९:०५

उपक्रमाला शुभेच्छा, पण स्पष्ट लिहितो. आज कोड एआय लिहितो. ज्यांना नोकरीत रजिस्टर कधी दिसणार नाही त्यांना खण मोजायला लावणं म्हणजे गाडी शिकायला आलेल्याला पिस्टन घासायला बसवणं. नॉस्टॅल्जिया म्हणून ठीक.

---

ओंकार_७६हॉल्ट | शुक्रवार, सकाळी ९:४०

@एकारलेला, असहमत. एआयने लिहिलेला कोड बरोबर आहे का हे कोण बघणार?

१९८८ च्या मॉरिस वर्मचं (इंटरनेटवरून आपोआप पसरलेल्या प्रोग्रामचं) उदाहरण घ्या. त्याची एक वाट होती युनिक्सची फिंगर सेवा. आलेली ओळ ठेवायला जागा ५१२ बाइटची, आणि वर्मने पाठवले ५३६. उरलेले चोवीस शेजारच्या जागेवर सांडले आणि त्यात 'परत कुठे जायचं' हा पत्ता होता; तो बदलला की यंत्र वर्मच्याच आज्ञा पाळायला लागायचं. ती ओळ वाचायला सीमधलं 'गेट्स' हे फंक्शन वापरलं होतं, जागा किती आहे हे ते विचारतच नाही. सीच्या मानकातून ते काढलं २०११ साली. म्हणजे वर्मनंतर तेवीस वर्षांनी.

आता हे पिस्टन आहे की ब्रेक, तुम्हीच ठरवा.

---

सोमवारपेठी | शुक्रवार, दुपारी १:२०

ओंकार यांचं वाचून परवाचा किस्सा लिहावासा वाटला. माझ्या मते सगळ्या प्रकरणात तोच खरा धडा होता आणि तो मी ठरवून दिलेला नव्हता.

भाचीने प्रोग्राम लिहिला: २ आणि १ ची बेरीज, उत्तर खण ६४ मध्ये. खण ० पासून आकडे असे: १, २, २, १, ३, ६४. म्हणजे 'दोन भर, एक मिळव, चौसष्टमध्ये ठेव'. शेवटी 'थांब' लिहायला विसरली. आणि 'चालव' दाबलं.

उत्तर आलं, खण ६४ मध्ये ३. पण पिवळा खण थांबेना. पुढे सगळीकडे शून्य, म्हणजे 'काही करू नको', त्यामुळे तो दोन-दोन खणांनी उड्या मारत निघाला. तो ६४ पर्यंत आला. तिथे काय आहे? ३. तिच्यासाठी ते बेरजेचं उत्तर. यंत्रासाठी 'ठेव' ही आज्ञा! कुठे ठेव? पुढचा खण ६५, त्यात शून्य. म्हणून 'अ' मधला ३ उचलून खण शून्यात ठेवला. म्हणजे प्रोग्रामच्या पहिल्याच आज्ञेवर.

आता पहिली आज्ञा 'भर' राहिली नाही, 'ठेव' झाली. २५५ नंतर पुन्हा शून्य येतो, यंत्र फिरून तिथे आलं. वाचलं ३, २: 'खण दोनमध्ये ठेव'. म्हणून खण २ मध्ये ३. पुढे खण २ आणि ३ वाचले: ३, १. म्हणून खण १ मध्येही ३. तिसऱ्या फेरीत खण ३ पण गेला. पहिल्या पाचही खणांत तीनच तीन.

ती बघतच बसली. मग म्हणाली, "मामा, हा तीन म्हणजे उत्तर आहे की ऑर्डर आहे, हे त्याला कळतच नाही?"

नाही कळत. पिवळा खण तिथे पोचला तर ती आज्ञा, नाही तर आकडा. प्रोग्राम आणि डेटा एकाच मेमरीत ठेवायचे ही १९४५ च्या एडव्हॅक या संगणकाच्या अहवालातली, फॉन नॉयमनच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी. परीक्षेला दोन मार्कांना येते. तिने ती पाठ केलेली होती.

---

प्रॅक्टिकलवाल्या_बाई | शुक्रवार, रात्री ८:५०

वाचून अंगावर काटा आला! मी एका पॉलिटेक्निकमध्ये हाच विषय शिकवते. (कॉलेजचं नाव विचारू नका.)

आमची अडचण सांगते. लॅबमधल्या मशीनवर काही इन्स्टॉल करायचं तर अर्ज, अर्जावर सही, सहीसाठी आठवडा. तोवर तो प्रयोग जर्नलमध्ये 'झालेला' असतो. त्यामुळे पेनड्राइव्हवरून उघडणारी एकच फाइल म्हणजे आमच्यासाठी सोनं आहे. नेट गेलं तरी चालेल ना? कृपया बाहेरून काही ओढून आणू नका, फाँटसुद्धा नको.

दुसरं म्हणजे 'चालव' हे बटण. माझं मत: ते सुरुवातीला लपवाच. मुलं थेट तेच दाबतात, उत्तर आलं की फोटो काढतात, संपला विषय. 'एक पाऊल' दाबायच्या आधी 'आता कुठला खण बदलेल आणि किती होईल' हे लिहायला लावा. लिहिल्याशिवाय बटण दाबलंच जाऊ नये. मी फळ्यावर असंच करते, अंदाज चुकला की वर्ग जागा होतो.

---

खिडकीवडा | शुक्रवार, रात्री ९:३०

भर, मिळव, ठेव, थांब हे वाचायला गोड आहे, पण कॉलेजात लोड, ॲड, स्टोअर, हॉल्ट लागेल. पोरं दोनदा शिकणार का? आणि रजिस्टरला 'अ' कोण म्हणतं हो?

---

मुठेकाठी | शुक्रवार, रात्री ९:४४

मला उलट वाटतं. निमोनिक म्हणजेच लक्षात राहावं म्हणून घेतलेलं नाव. इंटेलने त्यांच्या भाषेत घेतलं, मामाने आपल्या. यंत्राला दोन्ही सारखंच, त्याला १ हवा. फक्त 'रजिस्टर'चं 'नोंदवही' आणि 'मेमरी'चं 'स्मृती' करू नका, म्हणजे मिळवली.

---

तपकीर_गल्ली | शुक्रवार, रात्री १०:१०

पुण्याचं यंत्र आहे तर 'थांब' नको, 'थांबा' लिहा. अनोळखी माणसाला एकेरी कशाला?

आणि चुकीची आज्ञा आली तर काय दिसतं? तिथे लाल अक्षरात 'एरर' लिहिलं असेल तर तुमचा सोमवार पेठेशी काही संबंध नाही.

---

सोमवारपेठी | शुक्रवार, रात्री १०:५५

@तपकीर_गल्ली, आत्ताच बदललं. आता पाटी येते: "या खणात आज्ञा नाही. आकडा आहे. उगाच वाचू नये."

@खिडकीवडा, दोन्ही नावं ठेवतोय, एक बटण दाबलं की भर चं लोड होतं. 'अ' राहणार. हट्ट आहे.

@प्रॅक्टिकलवाल्या_बाई, अंदाजाची कल्पना उचलली, तुमचं नाव लावून. नेट लागत नाही.

'चालव'बद्दल आणखी एक. पहिल्या आवृत्तीत ते दाबलं आणि प्रोग्राम थांबणारा नसला की सगळं पानच गोठायचं, 'थांबव' बटणसुद्धा दाबलं जायचं नाही. भाचीने तीनदा टॅब बंद केला. यावर काही?

---

ओंकार_७६हॉल्ट | शनिवार, सकाळी ७:३०

पानाची स्क्रिप्ट आणि बटणाचं क्लिक एकाच रांगेत उभे असतात. तुमचा लूप खिडकी सोडतच नाही, मग मागच्याचा नंबर येणार कसा? शे-दोनशे पावलं टाका, मग सेटटाइमआउट ('हे थोड्या वेळाने कर' असं सांगणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) लावून रांग सोडा, पुन्हा मागे येऊन उभे राहा. क्लिकला मधे शिरायला जागा मिळेल. वेब वर्करही (पानापासून वेगळी, मागे चालणारी स्क्रिप्ट) चालेल, पण एवढ्याशा यंत्राला जड. शिवाय फाइल थेट उघडली की वेगळ्या फाइलमधला वर्कर क्रोम सुरू होऊ देत नाही, आणि बाईंच्या लॅबमध्ये तेच होणार.

असली यंत्रं आधीही झालीत, जरूर बघा. एमआयटीत १९६५ साली स्टुअर्ट मॅडनिकने लिट्ल मॅन कॉम्प्युटर मांडला. शंभर टपालपेट्या आणि आत एक बुटका माणूस, सगळं दशमान. तुमच्या खणांचे आजोबाच. दुसरं टोक म्हणजे व्हिज्युअल ६५०२, त्यात ६५०२ या खऱ्या जुन्या प्रोसेसर चिपच्या तारा ब्राउझरमध्ये रंग बदलताना दिसतात. नवशिक्याला डोळे फिरतील, पण एकदा दाखवाच. आणि सी येणाऱ्यांना कंपायलर एक्सप्लोरर: डावीकडे सी, उजवीकडे असेंब्ली. मॅट गॉडबोल्टने केलेला, २०१२ पासून आहे. (आडनाव वाचून मला आधी तो आपल्यातलाच वाटला होता.)

आता मूळ प्रश्न. पॉइंटर कुठाय? अजून दिसला नाही.

---

सोमवारपेठी | शनिवार, दुपारी १२:१०

बरोबर पकडलंत. ती पाचवी आज्ञा: 'पत्त्यावरून आण'. ५, ८० लिहिलं तर यंत्र आधी खण ८० उघडतं. त्यात समजा १२० आहे. मग खण १२० उघडून तिथला आकडा 'अ' मध्ये आणतं. पिवळा खण आधी ८० वर जातो, तिथून एक बाण निघून १२० वर. तो बाण काढायला मला दोन रात्री लागल्या.

१२० ते १२४ मध्ये पाच आकडे ठेवले आणि सगळ्यांची बेरीज करायला सांगितली. आधी पाच वेगवेगळ्या आज्ञा लिहीत होती. मग मधेच थांबली, खण ८० कडे बोट करून म्हणाली, "यात एक मिळवला तर?" आणि लूप लिहिला. लूप एकदा जास्त फिरला, १२५ मधलाही आकडा आला, कालच्या कुठल्यातरी प्रोग्रामचा उरलेला. बेरीज चुकली. तिने स्वतः शोधलं. मी शेजारी शेंगा खात होतो, तोंडातून एक शब्द काढला नाही, याबद्दल मला कुणीतरी शाबासकी द्यावी.

---

ओंकार_७६हॉल्ट | शनिवार, दुपारी १२:४०

शाबास. पण एक खड्डा आहे. तुमच्याकडे एक मिळवला की पुढचा खण. सीमध्ये इंटच्या (पूर्णांकाच्या) पॉइंटरला एक मिळवला की तो पुढच्या इंटवर जातो, म्हणजे बहुतेक मशीनवर चार बाइट पुढे. हे सांगितलं नाही तर सीकडे परतल्यावर ती पत्ता छापून बघेल आणि म्हणेल मामा खोटं बोलला.

---

खिडकीवडा | शनिवार, दुपारी ३:०५

बाळबोध शंका. अक्षरं कशी ठेवायची? 'पुणे' किती खणांत मावेल?

---

मुठेकाठी | शनिवार, दुपारी ३:५०

शंका अजिबात बाळबोध नाही. रोमन लिपीत पी-यू-एन-ई चार खणांत बसतं: ८०, ८५, ७८, ६९.

देवनागरीत बारा! प, उकार, ण, मात्रा अशी चार चिन्हं, आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरांना आकडे द्यायची आजची रूढ पद्धत) प्रत्येकाला तीन बाइट. प चे २२४, १६४, १७०. उकाराचे २२४, १६५, १२९. ण चे २२४, १६४, १६३ आणि मात्रेचे २२४, १६५, १३५. डोळ्याला दोन अक्षरं, खण बारा. मराठी फॉर्ममध्ये नाव अर्ध्यात का कापलं जातं आणि शेवटी चौकोन का दिसतो, ते आता बघा.

---

एकारलेला | शनिवार, सायंकाळी ६:२०

गाडी-पिस्टनवर अजून ठाम आहे. पण बारा खणांचं माहीत नव्हतं. गेल्या वर्षी आमच्या सिस्टिममध्ये गावांची नावं अशीच कापली जात होती आणि आम्ही फाँटला शिव्या घालत होतो. फाइल पाठवा.

---

प्रॅक्टिकलवाल्या_बाई | मंगळवार, रात्री ९:१५

आज पहिल्या बॅचला दाखवलं. 'चालव' लपवलेलं. पहिली दहा मिनिटं कुरकुर: "मॅडम, किती वेळा दाबायचं?" मग थांब विसरलेला प्रोग्राम दिला आणि अंदाज लिहायला सांगितलं. 'खण ० मध्ये ३ येईल' असं एकाही मुलाने लिहिलं नव्हतं. पुढचा तास कसा गेला कळलं नाही, प्यून खोली बंद करायला आला.

एक तक्रार. मजकूर टाकायचा जो चौकोन तुम्ही नंतर दिलात, त्यातून एका मुलाने आडनावासकट आपलं नाव रोमनमध्ये टाकलं. टाकल्यावर त्याचा बेरजेचा प्रोग्रामच बंद पडला, नुसती तुमची पाटी. "उगाच वाचू नये" बघून वर्ग हसतोय आणि तो रडकुंडीला आलेला. हा बग आहे का?

---

सोमवारपेठी | मंगळवार, रात्री ९:३०

नाव कुठल्या खणापासून टाकलं होतं?

---

प्रॅक्टिकलवाल्या_बाई | मंगळवार, रात्री ९:३८

२५० पासून. थांबा... २५० ते २५५, सहा अक्षरं. सातवं शून्यावर. अरे देवा, उद्या त्याला सांगते. नको, त्यालाच शोधू दे.